दादा, एक्स-रे काढून घे

मेलबर्न, 18 ऑगस्ट 2024

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर आई शेजारी असते, म्हणून हे पत्र. निवांत वाच, वहिनीलाही वाचायला दे. आईला मात्र इतक्यात काही सांगू नकोस.

गेल्या महिन्यात कंपनीने आम्हा सगळ्यांच्या छातीचा सीटी स्कॅन केला. माझ्या दोन्ही फुप्फुसांत वरच्या बाजूला बारीक गाठी दिसल्यात. सिलिकोसिसची सुरुवात आहे, म्हणजे दगडाच्या धुळीने फुप्फुसांना होणारा आजार. आत्ता त्रास काहीच नाही. डॉक्टरीणबाईंनी इथल्या दोन वर्षांचं काम विचारलं, मग म्हणाल्या, त्याआधी? मी नवी मुंबईच्या पावणे एमआयडीसीतली आठ वर्षं सांगितली. दगड पाणी न मारता कापायचात का? हो म्हटलं. रोज किती तास, हे त्यांनी दोनदा विचारलं.

तूच मला तिथे लावलंस म्हणून मनात काही आणू नकोस. त्या पगारावर घर उभं राहिलं. पण मी आठ वर्षांत बाहेर पडलो, तुझं बारावं वर्ष चालू आहे. आणि परवा फोनवर मी छकुलीशी बोलत असताना तू मागे तीनदा खोकलास.

आपल्याला वाटायचं, डोळ्यांसमोर पांढरा लोट दिसतो तीच धूळ. ती नाकात अडकते, थुंकीवाटे निघते. घात करणारी दिसतच नाही. ती केसापेक्षा कितीतरी बारीक, थेट फुप्फुसात खोलवर जाते. शरीर तिला गिळायला जातं आणि तिथे वण धरतो. तो वण भरून येत नाही, आणि काम सोडल्यावरही वाढू शकतो. ही धूळ दगडातल्या सिलिका नावाच्या खनिजाची. मार्बलमध्ये सिलिका अगदी थोडी, ग्रॅनाइटमध्ये साधारण तिसरा हिस्सा. हल्ली ओट्यांना जो क्वार्ट्झ नावाचा कृत्रिम दगड लावतात, त्यात नव्वद टक्क्यांच्याही वर. म्हणून तर ऑस्ट्रेलियाने 1 जुलैपासून तो कापायला, विकायला, बसवायलाच बंदी केली. जगात पहिल्यांदा. आता आमच्याकडे नैसर्गिक दगड आणि पोर्सलीन असतं. त्यातही सिलिका आहेच, म्हणून पाण्याशिवाय ग्राइंडर चालत नाही आणि जागेवरच धूळ ओढणारं मशीन असतं. मला आता कटिंगवरून काढून मापं घ्यायच्या कामावर टाकलंय.

मी दाढी का काढली, असं आई विचारत होती ना? मास्क गालाला घट्ट बसावा म्हणून. तो बसतो का, याची परीक्षा असते. डोक्यावर टोपडं चढवतात आणि आत गोड पाण्याचा फवारा मारतात. जिभेला गोड लागलं की मास्क गळतोय. पहिल्या वेळी मला गोड लागलं, आणि एकदम शेठ संध्याकाळी हातावर गुळाचा खडा ठेवायचा ते आठवलं. गुळाने धूळ निघून जाते म्हणून किती विश्वासाने खायचो आपण. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो रे, ही धूळ तर फुप्फुसात असते. तोंडाला बांधलेला रुमाल आणि कोविडमधला निळा मास्क, दोन्ही तसेच निकामी.

आता माझं ऐक. वाशीच्या ईएसआयसीच्या, म्हणजे कामगार विम्याच्या रुग्णालयात जा, कार्ड आहेच. एक्स-रे काढायला सांग. डॉक्टर विचारो न विचारो, पहिलं वाक्य हेच बोल: मी बारा वर्षं दगड कापतो. हे सांगितलं नाही तर डाग बघून टीबी म्हणतील आणि गोळ्या चालू करतील. टीबीही असू शकतो, या धुळीने तो लवकर धरतो, म्हणून थुंकीही तपासून घे. एक्स-रे स्वच्छ आला तरी थांबू नकोस, सुरुवातीचं त्यात सुटतं. सीटीबद्दल विचार. सिलिकोसिस कायद्याने सरकारला कळवावाच लागणाऱ्या आजारांत आहे, ईएसआयसीत कामामुळे होणारा आजार म्हणून धरलेला आहे. कागद नीट जपून ठेव, एकही मालकाकडे देऊ नकोस.

शेठला सांग, प्रत्येक ग्राइंडरला पाण्याची नळी लावा. खर्च फार नाही. ऐकत नसेल तर पोरांनी मिळून औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे अर्ज द्या, एकट्याने नको.

आणि संध्याकाळी कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकणं आजपासून बंद कर. तिथेच अंघोळ कर, कपडे बदल, ते पिशवीत बांधून आण. तू दारात आलास की छकुली धावत येऊन शर्टात तोंड खुपसते. तुझ्या पापण्या पांढऱ्या असतात आणि ती हसते. वहिनी तेच कपडे बादलीत घालण्याआधी झटकते.

ताईची राखी वेळेत पोचली. पैसे बुधवारी टाकतो, हप्ता पुढच्या महिन्यात भरला तरी चालेल, आधी तपासणी. एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून फोटो काढ आणि पाठव, मी इथे बाईंना दाखवतो.

तुझा,
बाळू