पालक धुण्याआधीचं पाणी

सालिनास, कॅलिफोर्निया

प्रिय दादा,

सा. न. मुरबाडचा पालक-कोथिंबीर ठाण्याच्या सोसायट्यांत थेट द्यायचा म्हणतोयस, म्हणून इकडे शेतावर सरकार काय बघतं ते लिहिते. आपल्या 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याने शेतकऱ्याला कलम 18 मध्येच वगळलंय, तेव्हा कुणी तपासायला येईल म्हणून नको, गिऱ्हाईक कोथिंबीर कच्ची खातं म्हणून वाच.

इथे अमेरिकेत 2006 मध्ये पालकातून ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, पसरला, माणसं दगावली. 2011 मध्ये अन्नसुरक्षेचा नवा कायदा आला, 2015 मध्ये शेतमालाचे नियम. भेंडी, वांगी, बटाटा, आलं त्यातून सुटलेत, कारण ते सहसा शिजवूनच खातात. वर्षाला 25,000 डॉलरपर्यंतच (2011 च्या भावाने, महागाईप्रमाणे वाढतात) शेतमाल विकणाराही सुटतो.

या नियमांचा सगळा रोख घरी धुण्याच्या आधीवर आहे. पानावर जंतू चिकटला की खाचेत आणि देठाच्या कापात शिरतो, मग नळाखाली कितीही धरा. ठाण्याला रुळांकडेची पालेभाजी कुठल्या पाण्यावर वाढते ते सगळ्यांना ठाऊक, तरी घरी मिठाच्या पाण्यात बुडवली की मन शांत!

तोडल्यावर मालाला लागणारं पाणी, मजुरांनी हात धुवायचं पाणी आणि बर्फ, या सगळ्यात 100 मिलीमागे ई-कोलाय अजिबात सापडता कामा नये. विहीर किंवा बोअरचं असेल तर पहिल्या वर्षी चारदा तपासणी, सगळी ठीक आली तर पुढे वर्षातून एकदा. नमुना निर्जंतुक बाटलीत घे, पंप आधी पाच मिनिटं चालव, बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला पोचव. एक तपासणी पावसाळ्यात हवीच; वरचं पाणी विहिरीत उतरतं ते तेव्हाच.

भाजी धुण्याच्या टबातलं पाणी गढूळ झालं की बदल. त्यात घातलेलं क्लोरीन माती आणि पाल्यातच खर्च होतं, जंतूंसाठी उरत नाही, आणि एका जुडीची घाण पुढच्या पन्नास जुड्यांना लागते. उन्हातून आणलेले टोमॅटो गार पाण्यात टाकू नकोस. आतली हवा आकसते आणि देठाच्या खळग्यातून पाणी आत ओढलं जातं.

आता शेणखत, तुझी खरी अडचण. ढीग उलटवत कुजवायचा तर आत 55 अंश सेल्सिअस किमान 15 दिवस टिकायला हवं, त्यात पाचदा उलटवायचा, मग मुरू द्यायचा. उलटवायचं अशासाठी की बाहेरची साल गारच राहते. लांब दांड्याचा थर्मामीटर घे, वाफ बघून अंदाज नको. कच्चं शेण टाकलं, तर इथल्या सेंद्रिय नियमांत मातीला टेकणाऱ्या पिकाची तोडणी 120 दिवसांनंतरच. पालक सव्वा महिन्यात तोडायला येतो, म्हणजे कच्चं शेण त्याला चालतच नाही.

गुरं, कुत्री, पाखरं वाफ्यात येणारच. ताजी विष्ठा दिसली तर तेवढा वाफा सोडायचा, आजूबाजूचाही, आणि तिथलं एक पानही जुडीत नाही. मजुरांसाठी शेताजवळ संडास, साबण आणि वाहतं पाणी हवं. जुलाब होत असेल त्याने त्या दिवशी तोडणी करू नये, पण मजुरी कापू नकोस, नाहीतर कुणी सांगणारच नाही.

पाण्याचे रिपोर्ट, ढिगाचं तापमान एका वहीत तारखेनिशी लिही. इथे दोन वर्षं जपावं लागतं. पुढच्या फोनला आधी विहिरीचा रिपोर्ट वाचून दाखव.

आई-बाबांना नमस्कार, वहिनीला आठवण.

तुझी,
मंजू