वितळलेली गोळी

शाहूपुरी, कोल्हापूर

चि. वैशू, अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा दारात गिऱ्हाईक उभं होतं, नीट बोलता आलं नाही. आई म्हणाली, पोरगी रडवेली झालीय. म्हणून लिहायला बसलोय.

आपल्या पंचगंगेकाठच्या मातीची गोळी तू पाँडिचेरीच्या भट्टीत ठेवलीस, १२८० अंशांना ती फुगली, वितळली आणि फळीला चिकटून बसली. "आप्पा, आपली माती इथं टिकत नाही." अगं, टिकेल कशी? आपला आवा आठशे-नऊशेच्या वर जातोय कुठं? तिच्यात लोह आहे म्हणून ती लाल, आणि त्याच लोहापायी जादा आचेला लवकर ढासळते.

पण तू पाठवलेला फोटो मी तीनदा मोठा करून बघितला. गोळी पसरली तिथं काकवीसारखी चकाकी आलीय, कडेला काळपट. झिलई म्हणजे भांड्यावर वितळलेला दगडच, हे तूच मला शिकवलंस ना? मग तीच माती कालव, वस्त्रगाळ कर आणि तिथल्या पांढऱ्या मातीच्या भांड्यावर लाव. आधी दोन-चार तुकड्यांवर. बुडाला बोटभर कोरं सोड, ओघळली तर परत फळी खराब करशील.

तू पहिल्यांदा जयपूरला निघालीस तेव्हा मीच आडवा आलो होतो. घरात चाक असताना पोरीनं गावोगाव कशाला हिंडायचं? परत येऊन म्हणालीस, तिथल्या निळ्या भांड्यांत आपल्यासारखी चाकावरची माती नसतेच. गारगोटीचं पीठ, काच, थोडी मुलतानी आणि डिंक. मला वाटलं चेष्टा करतेस. आठ दिवस डोक्यात तेच. पण त्यानंतर तू कपांवर निळ्या वेली काढल्यास, त्या मला नाही आवडल्या. तेव्हा बोललो नाही, आता बोलतो. उसन्या वाटल्या.

मातीत देवांची चित्रं घडवणाऱ्या राजस्थानातल्या मोलेला गावाहून आलीस तेव्हाची गोष्ट वेगळी. तिथले कुंभार मातीत गाढवाची लीद मिसळतात हे ऐकून मला उगाच बरं वाटलं. आपण घोड्याची घेतो. टांगे गेल्यापासून तीही मिळायची मारामार. तर त्या वेळी तू तिथलं एकही चित्र उचललं नाहीस, पण भांड्याची कड तारेनं कापायची सोडून बोटानं चेपायला लागलीस. तुझ्या लक्षात तरी आलं होतं का? माझ्या आलं. त्या कडेचा चहा ओठाला वेगळा लागतो. पाठवलेला कप मी कुणाला देत नाही.

ते भांडी घडवणारे गुरचरणसिंग १९१९ साली जपानला गेले असं तू सांगितलंस. जपान पालथा घालून आले आणि दिल्लीत बसून दिल्लीचीच निळी भांडी केली. मला त्यांचं हे पटलं. तेवढ्यासाठी जपानला कशाला जायचं, असं पूर्वी मीच म्हणालो असतो.

दोन किलो माती चाळून पाठवतोय, आपल्या गल्लीतलं एक पोरगं चेन्नईला निघालंय त्याच्याबरोबर. स्टीलच्या दोन डब्यांत. मोठ्यात माती, छोट्यात आईची कांदा-लसूण चटणी. रंग दोन्हींचा सारखाच आहे, झाकण उघडून वास घे आणि मगच कालव. डबे परत हवेत असं आईनं बजावलंय.

तुझा,
आप्पा