खोली बघताना कडी बघ

तारकर्ली, ११ जानेवारी

चि. बाय हिला आईचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या तिन्ही खोल्यांचे फोटो बघितले. बाबांनीही चष्मा लावून बघितले आणि म्हणाले, "समुद्र बघायला हिला श्रीलंकेत कशाला जायचंय?" त्यांचं सोड. लाटेवर उभं राहायला शिकणं, म्हणजे तुझं ते सर्फिंग, आणि समुद्र बघणं यातला फरक मला कळतो. फोनवर तू घाईत होतीस म्हणून लिहायला बसले. बारा वर्षं न्याहारी-निवासाच्या दोन खोल्या चालवल्यात, तेव्हा या एका विषयात मला तुझ्यापेक्षा चार गोष्टी जास्त कळतात, हे तरी मान्य कर.

मागे "जुलैत खोली निम्म्या भावात मिळतेय" म्हणालीस, तेव्हा मी हसले होते. अगो, जुलैत आपणही निम्म्या भावात देतो! तेव्हा समुद्र पाहुण्याच्या कामाचा नसतो, म्हणून. आपल्याकडे जूनमध्ये येणारा पाऊस त्यांच्या दक्षिण किनाऱ्याला आधीच लागलेला असतो. तू शिकायला जातेस त्या वेलिगमाची बाजू नोव्हेंबर ते एप्रिल चांगली. पावसाळ्यात लाटांची माणसं पूर्वेला, अरुगम बेकडे जातात. फेब्रुवारी ठरवलास ते बरं केलंस, फक्त तेव्हा त्यांचाही सीझन असतो. भाव हंगामामुळे पडणार नाही, जागा शहाणपणाने निवडलीस तर वाचतील तेवढे पैसे.

वेलिगमाजवळच्या मिडिगमाचा तो बंगला सगळ्यांत स्वस्त आहे आणि तोच मी आधी बाद केला. तिथल्या लाटा खडकाळ, प्रवाळाच्या तळावर फुटतात. शिकाऊ माणूस पडला की पाय सोलून निघतो. वेलिगमाचा तळ वाळूचा. सिंहलीत वेलि म्हणजे वाळू आणि गम म्हणजे गाव, नावातच सगळं आलं. म्हणजे राहणार मिडिगमाला आणि शिकायला रोज टुकटुकने वेलिगमाला. दोन वेळचं भाडं मांडून बघ, खोलीत वाचवलेले पैसे रिक्षावाल्याला देऊन मोकळी होशील. आपल्याकडेही लोक मालवणात स्वस्त खोली घेतात आणि स्कूबासाठी रोज इथवर येतात. चौथ्या दिवशी हिशेब करून चिडतात, आमच्यावरच.

आता ती रस्त्यालगतची डॉर्मिटरी. दर बरा आहे, मुलींची वेगळी खोली आहे, सोबत मिळेल. पण फोटोत गादीच्या मागे जी खिडकी दिसतेय ती किनाऱ्याच्या मोठ्या रस्त्यावर, गॉल रोडवर उघडते. त्या रस्त्यावर बसेस कशा सुटतात ते तिथे जाऊन आलेला प्रत्येक जण सांगतो. रात्री झोप नाही, आणि सकाळी डोक्यावर बोर्ड घेऊन तोच रस्ता ओलांडायचा. घ्यायचीच झाली तर विचार, कुलुपाचा कप्पा आहे का, आणि तो पासपोर्टापुरता की अख्ख्या सॅकपुरता. खालीच बार असेल तर नकोच.

तिसरी, रस्ता आणि रेल्वेच्या मधल्या गल्लीतली माडीवरची खोली, मला आवडली. फोटो साधे आहेत, हेच पहिलं आवडलं. बाय, फोटोचं गुपित तुला सांगते, कारण ते पाप मीही केलंय. आपल्या मागच्या खोलीचा फोटो काढताना बाबांनी कपाट बाहेर पडवीत नेलं होतं, म्हणून ती खोली एवढी ऐसपैस दिसते. आणि 'समुद्र दोन मिनिटांवर' हे आम्ही लिहिलंय ते कावळा उडतो तशा सरळ रेषेच्या हिशेबाने. पायवाटेने माडांतून आठ मिनिटं लागतात. तेव्हा अंतर मालकाला विचारू नकोस, नकाशावर चालायची वाट काढून बघ. तीच वाट रात्री उजेडाची आहे का, ते मात्र विचार.

अभिप्राय वाचताना तारे मोजू नकोस. एकट्या किंवा दोघी-दोघी आलेल्या बायकांनी गेल्या दोन-तीन महिन्यांत काय लिहिलंय ते वाच. त्यातही 'जेवण छान' सोडून दे. काही बिघडलं तेव्हा मालक कसा वागला, एवढंच शोध. तुला ती नागपूरची मुलगी आठवते? एकटीच आली होती, पावसाळा नुकताच संपला होता. सामान खाली ठेवायच्या आधी तिने दाराची कडी लावून बघितली. चौकट फुगली होती, कडी बसेना. मला राग आला, आमच्या घरात कसली भीती, असं वाटलं. बाबा काही बोलले नाहीत. सुताराला बोलावून आणलं आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आत कडी बसवली. ती मुलगी दोन दिवसांसाठी आली होती, सहा दिवस राहिली. माझा राग चुकीचा होता हे मला कळायला मात्र बराच वेळ लागला.

म्हणून तूही विचारायला लाजू नकोस. आत्ताच, पैसे भरायच्या आधी, त्या माडीच्या मालकीणबाईंना लिही. दार आतून बंद होतं का, किल्ल्या किती आणि कोणाकडे, घरचं कोण रात्री तिथे असतं. उत्तर कसं येतं त्यावरून माणूस कळतो. 'नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम' एवढंच आलं तर समजून जा. आणि ॲपच्या बाहेर बँकेत पैसे पाठवा, थोडं स्वस्त पडेल, असं कोणी म्हणालं तर त्या बाईंचं घर कितीही गोड असो, सोडून दे.

खिडकीला जाळी हवीच. लंकेतून मलेरिया गेला, २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने तसं जाहीरही केलं, पण डेंग्यू आहे आणि तो डास दिवसा चावतो. खोलीच्या फोटोत मागचं अंगण दिसलं तर करवंट्या, टायर, कुंड्यांखालच्या ताटल्या बघ. मी आपल्या खळ्यात रोज बघते तसंच.

माडीवरची खोली आवडायचं आणखी एक कारण आहे. २६ डिसेंबर २००४ ला त्या किनाऱ्यावर त्सुनामी आली, श्रीलंकेत तीस हजारांहून जास्त माणसं गेली. हिक्कडुवाजवळ पेरलियाला तर अख्खी रेल्वेगाडी पाण्याखाली गेली. घाबरवायला सांगत नाही. पोचलीस की घरातल्या कोणालाही विचार, धोका झाला तर कोणत्या बाजूने वर जायचं. तिथे वाटांवर पाट्याही आहेत. एकदा पायी जाऊन ये, मग विसर.

तुझं आणि तुझ्या मैत्रिणीचं विमान रात्री उतरतंय. त्याच रात्री वेलिगमाला धावू नका, विमानतळाजवळ नेगोम्बोत एक रात्र काढा. सकाळी कोलंबो फोर्ट स्टेशनवरून किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी रेल्वेगाडी मिळते. उजव्या बाजूला बसा, समुद्र तिकडेच असतो. वेलिगमात आधी दोनच रात्री भरा. आवडलं तर तिथेच बोलून वाढवा, समोरासमोर आम्हीही थोडं कमी करतो, कारण दलाली वाचते. आठवड्याचं शिकवणी-जेवणासकटचं पॅकेज घेऊ नकोस. दोन दिवसांत शिकवणारा आवडला नाही तर अडकून पडशील. बोर्ड वाळूवर रोजचा भाड्याने मिळतो.

विमा काढताना त्यात सर्फिंग धरलंय का ते वाच. रुग्णवाहिकेचा नंबर १९९०, फुकट आहे. ती सेवा २०१६ मध्ये भारताच्या मदतीने सुरू झाली, आणि सुरुवात त्याच दक्षिण आणि पश्चिम भागात. पोलीस ११९. दोन्ही नंबर कागदावर लिहून ठेव, मोबाइल पाण्यात पडतो.

त्या बाई मोठ्या असतील तर 'अक्का' म्हण. सिंहलीतही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात. घरात शिरताना चपला बाहेर. ते तुला सांगायला नको.

बाबा दोन दिवस मागच्या पडवीत काहीतरी तासत बसले होते. विचारलं तर सांगेनात. आज कळलं, फणसाच्या लाकडाच्या दोन पाचरी केल्यात, दाराखाली आतून सारायच्या. दार आत उघडणारं असेल तरच उपयोग, तेवढं बघ. एक तुझी, एक तुझ्या मैत्रिणीची. कोकमाच्या पाकिटासोबत कुरिअरने पाठवतेय. मिळाल्या की फोन कर, मला नाही, त्यांना.

तुझी,
आई