बायोडाट्यात बोर्डो पेस्ट लिही

मोर्शी

प्रिय विन्या,

तुझा बायोडाटा वाचला. वर ठळक अक्षरात 'मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची तयारी', आणि कामाच्या अनुभवापुढं 'निरंक'. गड्या, त्या 'निरंक'नं जीव तुटला. वरूडकडं संत्र्याच्या बागेत वाढलेल्या पोराचा अनुभव निरंक कसा असेल?

ते वरचे शब्द आधी काढ. दहातल्या नऊ अर्जांवर तेच असतात, म्हणून मुलाखत घेणारा ते वाचतच नाही. त्याऐवजी केलेलं काम लिही: काय, किती, कितीदा. 'घरची बाग, दोन एकर नागपुरी संत्रा, 6 बाय 6 मीटरवर 220 झाडं, तीन वर्षं पावसाळ्याआधी आणि नंतर खोडांना बोर्डो पेस्ट (बुरशी लागू नये म्हणून मोरचूद-चुन्याचा लेप).' आकडे मात्र जुळले पाहिजेत. 6 मीटरवर एकरी साधारण 110 झाडं बसतात. दोन एकरांत 400 सांगितलीस की समोरचा मनातल्या मनात भागाकार करतो आणि पुढचं खरंही त्याला खोटं वाटतं. 'घरची बाग' हे शब्दही झाकू नको. 'फार्म मॅनेजर' लिहिलंस तर पगारपत्रक मागतील.

मग ते विचारतील, पेस्ट करता कशी? इथं घाई करू नको, यात तुझा हात बसलेला आहे. 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) 5 लिटर पाण्यात, 1 किलो कळीचा चुना दुसऱ्या 5 लिटरमध्ये, आदल्या रात्री, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत. सकाळी चुना गाळून दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतायचं, लाकडी काडीनं ढवळत. नंतर घासलेला लोखंडी खिळा त्यात थोडा वेळ धरायचा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, सालीला इजा होईल. चुन्याचं पाणी वाढवून खिळा पुन्हा घासून बुडवायचा. लोखंडी बादली का चालत नाही, तेही त्यात आपसूक येतं. आणि पेस्ट त्याच दिवशी संपवायची. हे एवढं नीट सांगणाऱ्याला 'मी काटेकोर आहे' म्हणावं लागत नाही.

ही जागा ठिबकच्या कंपनीतली आहे, तेव्हा लॅटरलची, म्हणजे झाडांच्या ओळीतल्या ठिबकच्या नळीची, तपासणी लिहिच. ताशी 4 लिटरचा ड्रीपर 15 मिनिटांत 1 लिटर देतो. पहिल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली भांडं ठेवून मोजायचं. शेवटचा फार कमी भरला तर आधी फिल्टर धुवायचा, मग एंड कॅप (टोकाचं बूच) काढून लॅटरल धुऊन घ्यायची.

रावेचं, म्हणजे कृषी पदवीतल्या गावात राहून केलेल्या कार्यानुभवाचं, एका ओळीत नको उरकू. गाव, महिने, किती शेतकरी, कोणतं प्रात्यक्षिक, सगळं लिही. सोयाबीनची उगवण तपासली असशील तर गोणपाटात किती दाणे ठेवले आणि किती उगवले तेही. डायरी सोबत ने.

सुरुवातीचा परिचय दीड मिनिटाचा. नाव, गाव, शिक्षण दोन वाक्यांत, बाकी सगळं काम. कमजोरी विचारली तर खरी सांग आणि तिच्यावर काय चालू केलंस तेही सांग. तुझं इंग्रजी अडतं, तर रोज एक औषधाचं लेबल मोठ्यानं वाचायला आजपासून घे. बोलताना वऱ्हाडी आली तर अडखळू नको. त्यांना शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन बोलणाराच माणूस हवा आहे.

नवा कच्चा कागद रविवारपर्यंत पाठव. आकडे मी तपासून देतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
गजू