अविपत्तिकर चूर्णातली साखर

संपादक महोदय,

आम्लपित्तावर अविपत्तिकर चूर्ण मुंबईत घरोघरी खपते, पण डबीत काय आहे हे क्वचितच कोणी वाचते. शास्त्रोक्त पाठात सुंठ, मिरी, पिंपळीपासून तमालपत्रापर्यंतची अकरा द्रव्ये प्रत्येकी 1 भाग, लवंग 11 भाग, निशोत्तर 44 आणि साखर 66. एकूण 132. म्हणजे निम्मी साखर! 5 ग्रॅमच्या मात्रेत अडीच ग्रॅम. मधुमेह्यांनी ती हिशेबात धरावी. निशोत्तर रेचक आहे. त्यामुळे महिनोन्‌महिने रोज घेणाऱ्याला मुरडा येतो, शौच पातळ होते आणि दोष मात्र ‘बाहेरच्या वडापाव’ला जातो.

आम्लपित्तावरच वेगळे घेतल्या जाणाऱ्या ज्येष्ठमधाचे प्रकरण याहून नाजूक. ते शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम उतरवते. रक्तदाबाच्या रुग्णांनी, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर, ते रोज घेऊ नये. आम्लपित्तावरचे आणखी एक औषध, शंखभस्म, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. थायरॉइडच्या गोळीनंतर किमान 4 तासांनीच घ्यावे, नाहीतर ती गोळी नीट शोषली जात नाही.

विरारची किंवा कल्याणची लोकल पकडून साडेदहाला जेवायचे आणि अकराला आडवे व्हायचे, यावर कोणतेच चूर्ण पुरे पडत नाही. जेवण आणि झोप यांत 2 ते 3 तास हवेत. जमत नसेल तर संध्याकाळी सहाला पोटभर खाऊन रात्री मुगाचे कढण घ्यावे. काळे शौच, गिळताना अडकणे किंवा वजन घटणे असेल तर चूर्ण बाजूला ठेवून आधी तपासणी करावी.

– एक वैद्य, दादर