आरोग्य शिकवणाऱ्यांच्या सन्मानासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयाने यंदा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास, म्हणजे माहेरवाशिणी गावात असतात त्या दिवसांत, खान्देशात आरोग्यशिक्षणाचे उल्लेखनीय काम करणाऱ्यांचा सन्मान करण्याचे ठरवले आहे. त्यासाठी जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून नावे आणि आपले आर्थिक साहाय्य हवे आहे.

उपचार करणाऱ्याचे नाव रुग्णाच्या तोंडी राहते. ज्याच्या सांगण्यामुळे आजार टळला, त्याची नोंद कोणत्याच केसपेपरवर होत नाही. आमच्या पंचक्रोशीतील एक आशाताई सिकलसेल हा आई-बापाकडून मुलात येणारा रक्ताचा आजार समजावताना दोन वाट्या पुढे ठेवतात. प्रत्येकीत एक दाणा ज्वारीचा, एक मसुराचा; मसूर म्हणजे आजाराचा दाणा. एक वाटी आईची, दुसरी बापाची; दोघेही वाहक, म्हणजे आजाराचा एकच दाणा बाळगणारे, दोघेही दिसायला धडधाकट. मग समोरच्या सुनेला डोळे मिटून दोन्हींतून एकेक दाणा उचलायला लावतात. दोन्ही मसुराचे आले, तर बाळाला आजार. ही शक्यता चारात एक, आणि दर खेपेला ती नव्याने तेवढीच असते; पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटत नाहीत. पाड्यावर हे सारे पावरा आदिवासींच्या पावरी बोलीत चालते, खाली गावात अहिराणीत, आणि दोष एकट्या सुनेचा नाही हेही त्या वाट्यांकडे बोट दाखवूनच सांगतात. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ साली सुरू झाले, त्याचे उद्दिष्ट २०४७चे आहे. परंतु लग्नाआधी रक्त तपासायला एखादे घर राजी होते ते अशा ओसरीवरच्या बैठकीतच.

सर्पदंशानंतर घट्ट आवळून बांधू नये, जखम कापू वा चोखू नये, तो अवयव न हलवता तातडीने रुग्णालय गाठावे, हे केळी-कपाशीच्या शेतांत मजुरांना सांगत फिरणारा शिक्षक, अंगणवाडीसेविका, निवृत्त परिचारिका, दाई, कोणाचेही नाव सुचवता येईल. काय शिकवले, कसे शिकवले आणि त्याने काय बदलले, एवढे एका पानात लिहावे. पदव्या व प्रमाणपत्रे जोडू नयेत. लिहिता न येणाऱ्यांनी वाचनालयात येऊन सांगावे, ग्रंथपाल लिहून घेतील.

शाल-श्रीफळावर खर्च करण्याचा आमचा विचार नाही, कारण शाली या मंडळींच्या घरी पडून असतात आणि चित्रतक्ते मात्र फाटलेले असतात. जमलेल्या रकमेतून प्रत्येकास नवे चित्रतक्ते, पावसात टिकणारी पिशवी व चार्जिंगची बॅटरी देण्यात येईल, तसेच त्यांच्या शिकवण्याच्या रीती अहिराणी व पावरीत छापून तिन्ही जिल्ह्यांत विनामूल्य वाटण्यात येतील. दुपारची वरण-बट्टी गावाने दिलेल्या धान्यातून होईल, देणगीतून नव्हे.

देणगी कितीही लहान असली तरी स्वीकारली जाईल. छपाईचा कागद दिला तरी चालेल. रोख रकमेची पावती वाचनालयातूनच घ्यावी, अन्य कोणाकडेही पैसे देऊ नयेत. जमाखर्च कार्यक्रमानंतर वाचनालयाच्या फलकावर लावला जाईल.

आपले विनीत,
कार्यकारी मंडळ, सार्वजनिक वाचनालय