'ब्राउनिंग व्हर्जन' हे नुसतं चित्रित नाटक नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाटकांवर बेतलेल्या जुन्या ब्रिटिश चित्रपटांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला. मात्र दिग्दर्शक अँथनी अ‍ॅस्क्विथच्या 'द ब्राउनिंग व्हर्जन'ची (१९५१) त्यात 'कॅमेऱ्यापुढे उभं केलेलं नाटक' अशी एका वाक्यात बोळवण केली आहे, ते काही पटलं नाही.

टेरेन्स रॅटिगनचं मूळ नाटक १९४८चं, आणि ते एकांकिका आहे. लेखात हा मुद्दाच सुटला. लंडनच्या फिनिक्स थिएटरमध्ये 'हार्लेक्विनेड' या दुसऱ्या छोट्या नाटकाच्या जोडीने ते सादर झालं. पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी भर घालणं भाग होतं आणि पटकथाही रॅटिगननेच लिहिली. आपल्याकडे स्पर्धेत गाजलेल्या एकांकिकेचं दोन अंकी करताना अनेकदा नुसतं पाणी वाढवतात. हौशी रंगभूमीवर माझं बरंच आयुष्य गेलं, त्यामुळे हे पाप मीही जवळून पाहिलंय. म्हणूनच रॅटिगनने नेमकी भर कुठे घातली, हे तपासण्यासारखं आहे.

गोष्ट इंग्लंडमधल्या एका निवासी शाळेतली. ग्रीक-लॅटिन शिकवणारे क्रॉकर-हॅरिस मास्तर अठरा वर्षांच्या नोकरीनंतर प्रकृतीमुळे शाळा सोडताहेत. पेन्शन नामंजूर झालंय. बायकोचं विज्ञानाच्या शिक्षकाशी, हंटरशी, प्रकरण आहे. मुलं मागे 'क्रॉक' म्हणून टिंगल करतात. वर हेडमास्तरांची गोड विनंती, की निरोपाचं भाषण तुम्ही आधी उरका, क्रिकेटवाले लोकप्रिय मास्तर शेवटी बोलतील. ज्येष्ठतेनुसार शेवटचा मान खरं तर यांचा.

नाटकात सगळं घडतं ते मास्तरांच्या बैठकीच्या खोलीत. वर्गात काय चालतं, ते टॅपलो नावाचा विद्यार्थी हंटरला सांगतो: मास्तरांनी लॅटिनमध्ये विनोद केला, कुणाला कळला नाही, मी आपला सभ्यपणा म्हणून हसलो, तर म्हणाले, आता तो वर्गाला समजावून सांग! चित्रपटात तोच वर्ग डोळ्यांपुढे उभा राहतो. शेजारी हंटरच्या वर्गात हशा-गोंधळ आणि इकडे टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. टॅपलोच्या तोंडून ऐकताना प्रेक्षक मुलाच्या बाजूने हसतो. वर्गात बसवल्यावर मास्तरांचाही एकटेपणा दिसायला लागतो. हे पाणी घालणं नव्हे.

उलट जिथे हात लावायचा नाही, तिथे अ‍ॅस्क्विथने लावलेला नाही. टॅपलो 'अ‍ॅगमेम्नॉन' या प्राचीन ग्रीक नाटकाच्या, कवी ब्राउनिंगने केलेल्या इंग्रजी भाषांतराची जुनी प्रत मास्तरांना भेट देतो. आत ग्रीकमध्ये एक ओळ लिहिलेली, सौम्य धन्याकडे देव दुरूनही कृपादृष्टीने पाहतो अशा अर्थाची. मास्तरांच्या भूमिकेतला मायकेल रेडग्रेव्ह आधी शिक्षकी आवाजात त्या ओळीवर बोलतो, मग आवाज दगा देतो. औषध ओतून देण्याच्या निमित्ताने तो मुलाला दूर करतो आणि त्याचा बांध फुटतो. लगेच बायको येऊन सांगते, आत्ताच हा पोरगा तुमची नक्कल करत होता, पुस्तक म्हणजे वरच्या वर्गात ढकलावं म्हणून दिलेली लाच. हे सगळं एका खोलीत, दोन-तीन माणसांत. इथे कॅमेरा बाहेर हिंडवला असता तर घात झाला असता. याला कुणी 'नाटकी' म्हणत असेल तर खुशाल म्हणो.

माझी तक्रार आहे ती शेवटाबद्दल. नाटकात मास्तर हेडमास्तरांना फोन करून सांगतात, शेवटचं भाषण मीच करणार, तो माझा हक्क आहे. मग नवरा-बायको जेवायला बसतात आणि पडदा. पुढे समारंभात मास्तर काय बोलले, हे रॅटिगनने आपल्यावर सोडलं होतं. चित्रपटात मात्र समारंभ होतो, तयार केलेलं भाषण बाजूला ठेवून मास्तर मुलांची माफी मागतात आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. रेडग्रेव्हने तो प्रसंग काबूत ठेवलाय, तरीही ती प्रेक्षकांना दिलेली सवलतच. कान महोत्सवात त्या वर्षी रेडग्रेव्हला अभिनयाचं आणि रॅटिगनला पटकथेचं पारितोषिक मिळालं. तरी एकांकिका बसवणाऱ्यांना माझं सांगणं राहील, की शेवट नाटकातलाच ठेवा.

एक दुरुस्तीही सुचवतो. लेखासोबत छापलेलं रंगीत छायाचित्र १९५१च्या चित्रपटातलं असू शकत नाही, तो कृष्णधवल होता. त्यातले नट अल्बर्ट फिनी आहेत, म्हणजे ते १९९४च्या नव्या आवृत्तीतलं असावं. पुढच्या रविवारी तशी नोंद छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा